डोमा शहारे अना तेलाचे ब्रेक

डोमा शहारेचं जुनं गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेलं, तेव्हा त्याच्या दुकानातलं काहीच बुडालं नाही. पाने, पकडी, हवेचा पंप, पंक्चर पाहायचं घमेलं, छर्ऱ्यांचा डबा, सगळं त्यानं बंडीत घालून नव्या गावठाणात आणलं. बुडालं ते गिऱ्हाईक.

जुन्या गावात शाळेची पोट्टी, बाजाराले जाणारे बुढे, दूधवाला, सगळ्यांची सायकल डोमाच्या हाताखालून जायची. डुगणाऱ्या चाकाचा आऊट काढून ते सरळ करावं तर डोमानं. चाक टांगून बोटानं फिरवायचा, कान लावायचा अना ढिल्या स्पोकवर नेमकं बोट ठेवायचा. नव्या गावठाणात मोबदल्याबरोबर घरोघरी मोटारसायकल आली. सिमेंटचे सरळ रस्ते, नंबर घातलेले प्लॉट, अना चौकात विनोदचं मोटारसायकलचं गॅरेज. डोमानं आपल्या प्लॉटच्या कोपऱ्यावर जुना टायर टांगला अना त्याच्याखाली बसून राहिला. कधीकाळी कोणी हवा भरायले थांबायचं, तेही विनोदकडे गर्दी असली तर.

त्याची बायको तुळसा धानाच्या रोवण्याच्या टोळीत जायची. डोमाही मागं मागं पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, वाहायले जायचा. धानाच्या बांदीच्या धुऱ्यावरून बायका त्याले चिडवायच्या, "काय हो मिस्त्री, पऱ्ह्यात पंक्चर भेटलं का?" तो हसायचा. हसल्याबिगर जमत नव्हतं.

अशात पवनीच्या चंदनशेठनं धरणाच्या पाण्याकाठी तंबू ठोकले. त्याच्या घरचा धंदा पिढ्यान्‌पिढ्यांचा लुगड्या-धोतरांचा. बापानं मागावर हात झिजवले, पोराले मात्र नागपूरची माणसं इथं आणून झोपवायची कल्पना सुचली. रविवारी पाहुणे येत, नावेत बसत, मटण खात अना जाड टायरांच्या सायकली घेऊन मागच्या पहाडीवर चढत. चढणं कमी, उतरणं जास्त. उतारावर दगड, मुरूम अना सागाची मुळं. या सायकलींतल्या एकीचा ब्रेक बसला. लिव्हर दाबली की मुठीले टेकायची अना चाक आपलं फिरतच राहायचं. नागपूरशिवाय तिचा मिस्त्री नव्हता. कोणीतरी डोमाचं नाव सांगितलं, तसा चंदन ती सायकल गाडीत टाकून टायराखाली येऊन उभा राहिला.

डोमानं सायकल उलटी केली. ब्रेकची तार शोधली. हँडलपासून मागच्या चाकापर्यंत बोट फिरवलं.

"याची तार कोठी गेली, भाऊ?"

"तार नसते काका याले. तेलावर चालते. आपल्या मोटारसायकलच्या डिस्कसारखी."

"सायकलले तेलाचा ब्रेक?" डोमानं सायकलीकडे असं पाहिलं, जसं गायीनं अंडं दिलं. "मंग पेट्रोल कोठी टाकता?"

चंदन हसला. मग म्हणाला, "काका, तुमच्यानं जमते का सांगा. जमलं त साऱ्याच सायकली तुमच्या हातात देतो. महिनेवारी काम. नागपूरच्या चकरा मारून मारून मी थकलो बाप्पा."

डोमा "जमते" म्हणाला. नाही म्हणायले तोंडच उघडलं नाही त्याचं. इतक्या वर्षांनी कोणी सायकल घेऊन त्याच्या दारात आलं होतं.

चंदन गेला तसा डोमा विनोदच्या गॅरेजात. विनोद अर्ध्या वयाचा, पण मनानं वाईट नव्हता. त्यानं मोबाईलवर कोण्या पंजाबातल्या मिस्त्रीचा व्हिडिओ लावून दिला. दोघांनी तो पुन्हा पुन्हा पाहिला. काम दिसायले अवघड नव्हतं. तेलाच्या नळीत हवा शिरली की लिव्हर पोकळ होते. हवा काढायची, नवं तेल भरायचं.

"तेल कोणतं गा विनोद?"

"डिस्क म्हनजे डिस्क, डोमाभाऊ. मोटारसायकल काय अना सायकल काय! हे घ्या ब्रेक ऑइल. मी सगळ्या गाड्याइले हेच टाकतो."

व्हिडिओतला मिस्त्री तेलाबद्दल काहीतरी बोलला होता. पण ते घाईचं हिंदी, अना गॅरेजात त्याच वेळी कोणीतरी बुलेट चालू केली. बाटलीवर ब्रेक ऑइल लिहिलं होतं. आणखी काय पाहिजे होतं?

दुसऱ्या दिवशी सकाळी डोमा घरापुढच्या सपरीत पोतं अंथरून बसला. आधी चाक काढलं, मग डिस्कले घासणारे पॅड काढून कागदात गुंडाळून दूर ठेवले, कारण तेल लागलेला पॅड कामाचा राहत नाही. पॅड रेटणाऱ्या दोन पिष्टनांच्या मधात लाकडाची खपटी बसवली. लिव्हरवरच्या इवल्याशा टाकीचं झाकण खोललं. मेडिकलमधून आणलेल्या मोठ्या सिरिंजले सलाइनची नळी जोडली, ती ब्रेकच्या खालच्या, तेल सोडायच्या निप्पलले लावली, निप्पल जरासं ढिलं केलं अना खालून तेल हळूहळू वर रेटलं. टाकीत बुडबुडे यायले लागले. एक, मग दोन, मग सारे बारीक बारीक, भाताच्या पेजीसारखे. त्यानं नळीवर टिचक्या मारल्या, लिव्हर दाबली-सोडली, सायकल थोडी उभी केली, आडवी केली. लपून बसलेला शेवटचा बुडबुडा हँडलच्या वाकातून निघाला तेव्हा तुळसा बाजूले उभी होती.

"निंगला का?"

"निंगला."

"मंग आता तरी जेवून घ्या."

जेवला नाही. निप्पल कसलं, पॅड बसवले, चाक चढवलं. पॅड अना पिष्टन ज्यात बसतात त्या कॅलिपरचे दोन्ही बोल्ट ढिले करून लिव्हर दाबून धरली, तसं कॅलिपर आपसूक डिस्कच्या मधोमध आलं. तिथंच कसून टाकलं. चाक फिरवलं तर एका जागी बारीक 'सर्र' आवाज येत होता. ते काम त्याचं जन्माचं. कान लावून त्यानं बाक शोधला, डिस्क इतकीशी दाबली अना आवाज बंद.

लिव्हर गोट्यासारखी कडक झाली होती. संध्याकाळी चंदनसमोर कालव्याच्या पाळीवरून त्यानं सायकल उतारावर सोडली अना दोन बोटांनी ब्रेक दाबला. सायकल जागच्या जागी खुटली, डोमाच थोडा पुढं गेला. चंदन टाळ्या वाजवत होता.

काम पक्कं झालं. तंबूंच्या मागं एक टिनाचं छपर, त्यात आठ सायकली अना एक टेबल. चंदननं सगळ्या कामगारांसारखा त्यालेही हिरवा शर्ट दिला. डोमा शर्ट घालून विहारासमोरून गेला तर लोक म्हणत, "जयभीम मिस्त्री, ड्युटीवर का?" तुळसानं टोळीत सांगितलं की आता हे पऱ्हे वाहायले येणार नाहीत. बायकांनी तिले चहा मागितला.

आता इथंच डोमाची गोष्ट संपायले पाहिजे होती. पण एक दुरुस्त केली अना बाकीच्या सात चांगल्याच होत्या, हे त्याले सलायले लागलं. काम नसलेल्या मिस्त्रीले कोण ठेवते, हे त्याच्याइतकं कोणाले माहीत असणार? त्यानं एकेक करून बाकीच्याही उघडल्या.

तुळसानं एकदा विचारलं, "चांगल्या हायेत त कायले खोलून राह्यले?"

"सगळ्याइचं तेल एकसारखं पायजे. पुरानं तेल काळं पडते."

"पडलं होतं का काळं?"

जुनं तेल लाल, स्वच्छ, सरबतासारखं निघालं होतं. ते त्यानं मातीत ओतलं.

काही दिवस बरे गेले. मग पहिल्या सायकलीच्या पुढच्या दांडीवर रंगाले फोड आले, जिथं तेलाचा थेंब पडला होता तिथंच. डोमानं नखानं खरवडलं, खालून पांढरं लोखंड दिसलं. तेल असं करते, हे त्याले माहीत नव्हतं. त्यानं त्यावर काळा रंग लावला. मग लिव्हर दाबली की परत यायले वेळ लावायले लागली. मग चाक जड झालं. त्यानं कॅलिपर ढिलं करून पुन्हा मधात बसवलं. सकाळी चाक मोकळं, दुपारी पुन्हा डिस्क धरलेली. एकीची झाली की दुसरीची. दिवसभर तो बोल्ट ढिले करत राहिला, कसत राहिला, अना चंदन समोरून गेला की चाक फिरवून दाखवत राहिला.

शेवटी त्यानं एक कॅलिपर पूर्ण खोललं. पिष्टन बाहेर यायलेच तयार नव्हतं. पंपाची हवा मारून काढलं तेव्हा आतली रबराची गोल सील दिसली. भिजवलेल्या चण्यासारखी टम्म फुगली होती. खाचेतून निघाली ती पुन्हा खाचेत मावेना.

तो सील मुठीत घेऊन विनोदकडे गेला. विनोदनं ती उजेडात धरली.

"माह्या गाड्याइत त असं होत नाई, डोमाभाऊ."

"मंग यात काहून झालं?"

"मले काय मालूम? तुमीच काही दुसरं केलं असन." विनोद मागं सरकला. त्याच्या गॅरेजात गिऱ्हाईक उभं होतं.

उद्या रविवार होता. नागपूरची एक मोठी टोळी पहाडी उतरायले येणार होती, त्यात बायका अना पोट्टीही. डोमानं छपरात बसून विचार केला. पॅड थोडे घासून पातळ केले तर उद्याचा दिवस निघेल. चाक मोकळं फिरेल. मग उतारावर एखादीचं पुढचं चाक मधातच धरलं तर? नाही तर दाबल्यावर कोणाची लिव्हर परत आलीच नाही तर? त्यानं कानस हातात घेतली होती. ती खाली ठेवली अना चंदनच्या तंबूकडे गेला. आपण फार चांगलं करतो आहोत असं त्याले काही वाटलं नाही.

"चंदनभाऊ, उद्या सायकली काढू नोका. ब्रेक बिघडले."

"कोनती?"

"साऱ्याच."

चंदननं नागपूरच्या मिस्त्रीले फोन लावला अना आवाज मोठा केला. पलीकडून आधी हसणं आलं, मग बोलणं. "मोटरसाइकिल का ब्रेक ऑइल डाला क्या? गया भैया. इसमें मिनरल तेल जाता है, उसका रबर अलग रहता है. अब साफ करके भी कुछ नहीं होता. लिव्हर, कॅलिपर, सब नया लगेगा. एक ही साइकिल है ना?"

चंदननं डोमाकडे पाहिलं.

"एकच बिघडली होती," डोमा म्हणाला. "बाकीच्या मी खोलल्या. चांगल्या होत्या."

चंदन ओरडला असता तर बरं झालं असतं. त्यानं फोन खिशात टाकला, कपाळ चोळलं अना म्हणाला, "विचारायचं त होतं काका एकदा. एक फोन." मग पाहुण्यांना नावेत बसवायची सोय करायले निघून गेला.

सोमवारी टेम्पो आला. सायकली चढवायले डोमानंच हात दिला, दोरी त्यानंच आवळली, खरचटू नये म्हणून मधात पोती त्यानंच घातली. सायकली नव्या ब्रेकांनी परत आल्या. सोबत नागपूरच्या मिस्त्रीचा निरोप होता की कोण्या गाववाल्यानं पाना लावला तर पुढची जबाबदारी आमची नाही. चंदननं तो निरोप सांगताना नजर दुसरीकडे ठेवली. मग म्हणाला, "तुमाले काढत नाई मी. सायकली धुवायले मानूस पायजेच. चिखल लई लागते. फक्त पाना लावू नोका."

डोमा घरी आला तेव्हा तुळसा घरामागच्या सांदवाडीत लाकडं फोडत होती.

"हो म्हनलं का तुमी?"

"हो म्हनलं."

"मिस्त्रीचे धुनारे झाले त मंग." तिनं लाकडावर घाव घातला. "नाई म्हनून तरी काय केलं असतं? साऱ्या गावात तुमच्यासाठी सायकल हाये कोठी?" मग ती म्हणाली, "शर्ट काढा. धुवून टाकते."

टेबल आता छपरात नव्हतं. त्याच्या जागी नळी, बादली अना ब्रश. घरच्या पाने-पकडींची पेटी डोमानं विनोदले देऊन टाकली. विनोदनं ती घेतली, पण त्यातलं त्याच्या कामाचं फार काही नव्हतं, म्हणून गॅरेजच्या मागं भंगारात ठेवली.

दिवाळी झाल्यावरच्या एका रविवारी पहाडीवरून एक बाई सायकल हातात धरून पायी उतरली. नागपूरची असावी, घामानं चिंब, गुडघ्याले मुरूम लागलेला. डोमा दुसऱ्या सायकलीचा चिखल काढत होता.

"काका, ह्याचा ब्रेक एकदम पोकळ लागतोय. दाबला तर मुठीलाच टेकतो. बघता का जरा?"

डोमानं तिच्या हातातली लिव्हर पाहिली. मग सायकल पाहिली. ती कुठंतरी जोरात पडली होती, लिव्हरजवळची तेलाच्या नळीच्या जोडाची गाठ हलली होती अना तिथं लाल तेलाचा ओलसर गोल दिसत होता. हवा तिथूनच शिरली होती. गाठ कसायची, खालून तेल रेटायचं, हँडलचा वाक वर धरायचा. नव्या ब्रेकांसोबत आलेली लाल मिनरल तेलाची बाटली चंदनच्या तंबूत कपाटावर होती, हेही त्याले माहीत होतं.

"मले नाई समजत बाई त्यातलं," डोमा म्हणाला. "मी धुवायले हाओ. शेठले सांगा."

बाई तंबूकडे गेली. चंदन आला, त्यानं लिव्हर दाबून पाहिली, नागपूरले फोन लावला अना ती सायकल कोपऱ्यात लावायले सांगितली. टेम्पो पुढच्या आठवड्यात येणार होता. डोमानं ती कोपऱ्यात नेली. तिच्या टायरांत मुरूम रुतून बसला होता. त्यानं नळी ओढली, पाणी सोडलं अना ब्रेकपाशी पोचल्यावर हात जरा लांबून फिरवत चाकं धुवायले लागला.