पदराची उलटी बाजू

“बिच्चु! एल्ला बिच्चु! उसव सगळं!” शेजारच्या वकिलीणबाई, मला कशिदा शिकवणाऱ्या आमच्या अक्का, ओरडल्या तेव्हा सुभाष रोडवरचे टांगेसुद्धा थांबले असतील. “हुडुगी, अगं पोरी, गोपूर काढलंस की कोळ्याचं जाळं?”

सत्तरच्या दशकाच्या शेवटची ती थंडी. थोरल्या बहिणीची पहिली संक्रांत तोंडावर आलेली. तिच्या काळ्या चंद्रकळेच्या पदरावर आमची धाकटी, म्हणजे मी, कशिदा काढणार, असं आई देशपांडे नगरातल्या व्याह्यांना ऐटीत सांगून बसलेली. सगळ्या हुबळीला ठाऊक होतं की बहिणीच्या सासूबाई पदर आधी उलटा करून बघतात. कशिदा दोन्हीकडून सारखा दिसायला हवा, आणि गाठ कुठेच नको. चुकलं की वर्षभर टोमणे खाणार बहीण.

मी मात्र घोड्यावर. जाताना एकाआड एक टाके घालत सुटायचं आणि येताना मधल्या मोकळ्या जागा भरायच्या, एवढंच तर काम! पण परत येताना कळसाचं एक टोक राहून जायचं, मग मी मागून दोरा लांब ओढून उडी मारायचे. ती उडी अक्कांना भिंतीपलीकडून दिसायची, शपथ.

उसवून उसवून बोटं सोलवटली. सुई दिसली की जांभई यायची. शेवटी अक्कांनी चंद्रकळा काढून घेतली आणि जाड्याभरड्या मांजरपाटाचा तुकडा दिला. त्यावर गोपुराचा एकच कोपरा. प्रत्येक वळणावर सुई अडवायच्या. “थांब. परत कुठनं येणार, सांग. मग घाल.”

“अक्का, अशानं पुढच्या जन्मीची संक्रांत उजाडेल!”

“उजाडू दे की.”

तोच कोपरा, तोच, पुन्हा तोच. मान अशी आखडली की मी बरेच दिवस जगाकडे तिरकंच बघत होते. मग एका दुपारी अक्का अडवायला विसरल्या, आणि माझा हात वळणावर आपला आपणच थांबला. त्यानंतर चंद्रकळा हातात आली ती एकदाही उसवावी लागली नाही. भोगीच्या आदल्या दिवशी पदर पुरा! माझ्यात आनंद करायचंही त्राण नव्हतं.

संक्रांत झाल्यावर बहीण माहेरी आली. मी उंबऱ्यातच गाठलं. “सासूबाईंनी पदर उलटून बघितला?”

“बघितला.”

“मग? काय म्हणाल्या?”

“काही नाही. घडी घालून ठेवला.”