फोरमनबाईंचं मशीन विकायचं नाही

आमच्या रांगेत अकरा गाळे आहेत आणि फोरमन एकच. त्यांच्या हाताखाली आज एकही माणूस नाही. एका मोठ्या कारखान्याच्या टूलरूममध्ये त्यांनी एकोणीस वर्षं काढली, त्यातली शेवटची चार फोरमन म्हणून. कारखाना बंद पडला तेव्हा त्यांनी सहाव्या गाळ्यात एक लहान सीएनसी मिलिंग मशीन आणून बसवलं. नोकरी गेली, पण नाव चिकटून राहिलं. मी शेजारी सातव्या गाळ्यात बोथट कटरना धार लावून देतो. त्यामुळे बाईंच्या तोंडी माझं नाव धारवाला.

मशीन घरातल्या कपाटाएवढं. प्रोग्रॅम भरला की टेबल आपोआप सरकतं, कटर गरगरत अ‍ॅल्युमिनियम कापत जातो आणि बाई काचेमागून डोळे बारीक करून बघत राहतात. पॅकिंगची यंत्रं बनवणाऱ्या एका कंपनीला त्या आठ प्रकारचे ब्रॅकेट पुरवायच्या. मोठ्या मशीनला असते ती एक सोय मात्र या मशीनला नव्हती. टूल हातानंच बदलावं लागे. डाव्या हातानं खालून टूल धरायचं, उजव्या हातानं माथ्यावरचा लांब बोल्ट पान्यानं सैल करायचा, वरून हातोडीची एक टिचकी द्यायची, की टूल सुटून तळहातात येतं. मग दुसरं लावायचं. एका ब्रॅकेटला सहा टूल. बाई हे बोलता बोलता करायच्या.

मागच्या वर्षी घरी जाताना त्यांची स्कूटर वळणावरच्या खडीत घसरली आणि त्या डाव्या खांद्यावर पडल्या. हाड मोडलं नाही म्हणून आम्ही सुटकेचा निःश्वास सोडला, तो दोन दिवसच टिकला. खांद्यातून हाताकडे जाणाऱ्या नसा तुटल्या होत्या. डॉक्टरांनी एक ऑपरेशन केलं आणि मग सरळ सांगितलं, की बोटं थोडी हलतील कदाचित, पण हात उचलला जाणार नाही, पकड येणार नाही.

बाई चार महिन्यांनी गाळ्यावर आल्या. केस कानापर्यंत कापलेले. त्या दादांच्या घरी वरच्या मजल्यावर राहतात. दादा म्हणजे त्यांचे थोरले भाऊ. वहिनी रोज वेणी घालून द्यायला तयार होत्या, पण बाईंनी पहिल्याच आठवड्यात कात्री मागवली. वहिनींनी मग दुसरंच काही केलं. जाड कॅनव्हासचा एक एप्रन शिवला, त्याला छातीपाशी खोल खिसा ठेवला आणि डावा हात त्यात घालून वरून पट्टा लावता येईल अशी सोय केली. लोंबता हात फिरत्या कटरजवळ जाऊ नये म्हणून. कोणी न सांगता शिवला होता.

मशीनच्या तोंडात अपघाताच्या दिवशी लावलेला दहा मिलीमीटरचा कटर तसाच होता. बाईंनी पाना घेतला, बोल्ट सैल केला, हातोडी मारली. खालून धरायला हात नव्हता. कटर सुटला, खाली तुकडा आवळून धरणाऱ्या व्हाइसवर आपटला आणि त्याचं टोक उडालं. त्यांनी तो उचलून माझ्यासमोर ठेवला.

"धार लाव."

"बाई, टूल बदलायला मला हाक मारत जा ना. दोन पावलांवर तर आहे मी."

"बरं," त्या म्हणाल्या. मला तेव्हाच कळायला हवं होतं, बाई इतक्या सहज 'बरं' म्हणत नाहीत.

पाच आठवडे मी जात राहिलो. एका ब्रॅकेटला सहा वेळा. माझं चाक फिरत असायचं, पलीकडून हाक यायची, मी चाक थांबवून जायचो. कधी मला उशीर व्हायचा, तेव्हा बाई मशीनसमोर स्टुलावर ताठ बसलेल्या दिसायच्या. मग सासऱ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं आणि मी तीन दिवस परगावी गेलो. परतलो तर सहाव्या गाळ्यात कचऱ्याच्या पेटीत अ‍ॅल्युमिनियमची एकही नवी कपची नव्हती.

"तीन दिवस काय केलंत?" मी विचारलं.

"काही नाही. हातावर हात ठेवून बसायचं म्हटलं, तर त्यालाही दोन हात लागतात." त्या हसल्या नाहीत. "धारवाल्या, उद्यापासून येऊ नकोस."

मला लागलं ते. मी म्हणालो, "मी काही उपकार करत नाहीये."

"तू करत नाहीस, पण मला ते फेडत बसावं लागतं. तुझं चाक थांबलं की मला इथं ऐकू येतं."

मशीनशेजारच्या भिंतीवर बाईंचा एक कागद डकवलेला असे. मशीनसाठी काय काय हवं त्याची यादी: टूलची लांबी आपोआप मोजणारा प्रोब, कूलंटची चांगली तोटी, कपच्या उडू नयेत म्हणून पूर्ण बंद दार, हवेवर आवळणारा व्हाइस. दोन-तीन वर्षं ती यादी वाढतच होती. त्या दिवशी त्यांनी सगळ्यावर एक आडवी रेघ मारली आणि खाली लिहिलं: 'एका हातानं टूल बदलणे.' मशीन विकणाऱ्या कंपनीला फोन लावला. स्पीकरवर होता, मीही ऐकला. पलीकडचा विक्रेता गोड बोलत होता. या मॉडेलला तसं काही मिळत नाही मॅडम, नवं मॉडेल घ्या, त्यात टूल आपोआप बदलतं, आणि तुमच्या तब्येतीचा विचार करता एखादा ऑपरेटर ठेवला तर...

"माझी तब्येत उत्तम आहे," बाई म्हणाल्या. "तुमच्या मॉडेलची बिघडली आहे." आणि फोन ठेवला.

घरीही तेच चाललं होतं. दादांचा शब्द घरात शेवटचा. ते निवृत्त शाळामास्तर, आवाज न चढवता समोरच्याला गप्प करायची सवय. एका रविवारी मी धार लावलेले कटर द्यायला गेलो, तेव्हा जेवणाच्या टेबलावर विषय निघालेला होता.

"मशीन विकून टाक," दादा म्हणाले. "तुला काही कमी पडणार नाही इथं."

"कमी पडायचा प्रश्न नाही."

"मग कशाचा आहे? एका हातानं ते धूड चालवणार? उद्या दुसरा हात गेला तर?" त्यांचा आवाज पहिल्यांदाच फाटला. "तू पडलीस तेव्हा फोन मला आला होता. तुला नाही."

वहिनींनी पाण्याचा ग्लास दादांकडे सरकवला. बाईंनी ताट बाजूला सारलं.

"फोन तुला आला, खरं आहे," त्या म्हणाल्या. "पण हात माझा गेलाय, दादा. राहिलेल्या हाताचं काय करायचं ते मी ठरवीन."

दादा ताटावरून उठले.

दुसऱ्या दिवशी बाई टायरवाल्याकडे गेल्या. चाकांचे नट खोलायची हवेची गन असते ना, तसली एक जुनी त्यांनी उचलून आणली. बेत साधा होता. गन मशीनच्या डोक्यावर उलटी बसवायची, बरोबर त्या लांब बोल्टच्या वर. पेडल दाबलं की हवेच्या दाबानं सरकणारा एक सिलिंडर गन खाली ढकलेल, गन बोल्ट फिरवेल. पेडलं दोन, एक आवळायला, एक सोडायला. पायानं पेडल, हातानं टूल. डाव्या हाताचं काम उजव्याला, उजव्याचं पायाला.

पण गन बसवायला तीन जाड प्लेट लागत होत्या. त्या कापायच्या तर भोकांसाठी ड्रिल, कडांसाठी कटर, म्हणजे पुन्हा टूल बदलणं आलं. मी तोंड उघडणार एवढ्यात बाई म्हणाल्या, "नाही." मी धार लावून दिलेला दहाचा कटर मीच शेवटचा बसवून गेलो होतो. त्या एका कटरवर त्यांनी सगळं काम बेतलं. कटर गोल गोल फिरवत खाली नेला की भोक पडतं, फक्त ते कटरपेक्षा मोठं असावं लागतं. म्हणून सगळी भोकं साडेबाराची, आरपार. आटे पाडायची भानगड नको, पलीकडून नट. बोल्ट इतके दणकट झाले की मी म्हणालो, "बाई, यावर पूल उभा राहील."

"राहू दे. पडणार तर नाही."

प्लेट व्हाइसमध्ये धरायला त्यांनी छातीचा टेकू दिला, पाना एका हातानं ओढला. एक प्लेट वाकडी बसली आणि वाया गेली. दुसऱ्यांदा केली.

अकराव्या दिवशी गन बसली. बाईंनी पेडल दाबलं. घर्रर्र असा आवाज झाला आणि टूल गच्च आवळलं गेलं. दुसरं पेडल दाबलं. घर्रर्र झालं, पण टूल जागचं हललं नाही. गननं ते इतकं जोरात खेचलं होतं की शंकूसारख्या खोबणीत ते रुतून बसलं होतं. हातोडी मारून पाहिली, तेल सोडून पाहिलं. माझ्या मनात आलं, आता मशीनच खोलावं लागणार. बाईंनी कपाळावरचा घाम खांद्याला पुसला आणि दिवसभर ते टूल तसंच लटकत ठेवून हिशेब मांडत बसल्या.

चूक साधी निघाली. आवळायला आणि सोडायला एकच जोर देत होत्या. आवळताना हवेचा दाब निम्मा हवा, सोडताना पूर्ण. शिवाय बोल्ट सैल होताना त्याची रुंद कड अडेल अशी एक टोपी वर बसवली, की बोल्टच टूलला खाली ढकलून काढतो, हातोडी लागत नाही. आणखी एक झडप घातली. मशीन फिरत असताना चुकून पेडलवर पाय पडला तरी गनला हवाच मिळू नये. टायरवाले चाचा बघायला आले होते, ते म्हणाले, "माझ्या गनला आयुष्यात एवढी बडदास्त नव्हती."

टूल सुटायला लागलं त्याच सकाळी दादा दारात उभे राहिले. बरोबर इस्त्रीच्या शर्टातलं एक गिऱ्हाईक. दादांनी बाईंना न विचारताच त्याला आणलं होतं. तो माणूस मशीनभोवती फिरला, टेबलाला हात लावला, म्हणाला, "चालू करून दाखवता?"

"दाखवते की."

बाईंनी डावा पाय टेकवला. घर्रर्र, आणि कटर अलगद त्यांच्या तळहातात उतरला. तो ट्रेमध्ये ठेवला, ड्रिल उचललं, वर लावलं, उजवा पाय. घर्रर्र. सहाही टूल त्यांनी एकामागून एक लावून काढून दाखवली. गिऱ्हाइकाचे डोळे गनवर खिळले.

"हे यासोबत मिळेल ना?"

"ही गन मशीनची आहे आणि मशीन माझं आहे," बाई म्हणाल्या. "विकायचं काहीच नाही. दादांनी तुम्हाला उगाच चालवत आणलं."

तो माणूस ओशाळून निघून गेला. दादा थांबले. त्यांनी ती दोन पेडलं वाकून बघितली.

"फिरत असताना पाय पडला तर?"

बाईंनी झडप दाखवली. मशीन चालू करून पेडल दाबून दाखवलं. काही झालं नाही. दादांनी स्वतःच्या बुटानं एकदा दाबून बघितलं. मग निघून गेले. घरी आठ दिवस अबोला होता. नवव्या दिवशी वहिनींनी मला सांगितलं, की दादा कॅनव्हासचा दुसरा तुकडा घेऊन आलेत, पहिल्या एप्रनला तेलाचे डाग पडलेत म्हणून.

पॅकिंगच्या कंपनीनं तोवर ब्रॅकेटचं काम दुसऱ्याला दिलं होतं. बाईंनी बारा नमुने करून पाठवते म्हणून कळवलं, तर कंपनीनं तपासायला एक तरुण इन्स्पेक्टर पाठवला. त्याच्याजवळ छापील फॉर्म. मशीनचं वय, प्रकाश, स्वच्छता असं भरत भरत तो एका रकान्यापाशी अडला. ऑपरेटर पूर्ण सक्षम की अंशतः सक्षम. त्यानं एप्रनच्या खिशाकडे बघितलं, पेन उचललं, खाली ठेवलं.

"काय झालं?" बाईंनी विचारलं.

"काही नाही मॅडम, म्हणजे, तुमचा हात..."

"पार्ट मोज, बाळा. मला कशाला मोजतोस?"

तो कानापर्यंत लाल झाला. मग त्यानं खरंच मोजायला घेतलं. दहा ब्रॅकेट चोख निघाले. अकराव्याचं एक भोक केसभर मोठं होतं. तो काही बोलायच्या आत बाईंनी तो ब्रॅकेट उचलला आणि भंगाराच्या पेटीत टाकला.

"हे हातामुळे नाही. कटरची धार एकसारखी नव्हती. धारवाल्याला शिव्या दे."

मी समोरच उभा होतो. खरं सांगायचं तर चूक माझीच होती. बारावा चोख निघाला. इन्स्पेक्टरनं तो रकाना कोराच ठेवला आणि सही केली.

कंपनीनं आठातल्या तीन प्रकारांचं काम बाईंना परत दिलं. बाकीच्यांचं 'पुढे बघू' म्हणाले. बाई त्यांच्या ऑफिसात गेल्या. मी स्कूटरवरून घेऊन गेलो होतो, आणि बाहेरच्या काचेतून मला दिसत होतं. खरेदी बघणारे साहेब मान हलवत होते. बाईंनी खुर्ची पायानं ओढली आणि बसल्या. साहेबांनी फोन घेतला, बाई बसल्या. चहा आला, बाईंनी तो प्यायला आणि बसल्या. दीड तासानं उजव्या काखेत ड्रॉइंगची गुंडाळी मारून बाहेर आल्या. आता एकूण सहा प्रकार मिळाले होते. उरलेल्या दोन प्रकारांना फिरतं टेबल, म्हणजे कापताना तुकडा गोल फिरवणारं टेबल लागतं, ते बाईंकडे नाही म्हणून राहिले.

बोटं अजून हलत नाहीत. डॉक्टर व्यायाम करा म्हणतात, बाई करतात, आणि कुरकुरही करतात. फिरत्या टेबलासाठी त्यांना माझ्या जुन्या ग्राइंडरचं फिरतं डोकं हवं आहे. मी ते देणार नाही, कारण मला ते लागतं. यावरून काल आमचं चांगलं भांडण झालं, आणि आज सकाळी बघतो तर ग्राइंडरच्या त्या डोक्याची मापं घेतलेला एक कागद माझ्या टेबलावर ठेवलेला आहे, आणि खाली बाईंच्या अक्षरात: 'असंच दुसरं बनवणे.'