कन्याशाळेची उलटणारी पाटी

"वेशीबाहेर मोमिनाबाद, घरात आंबेजोगाई. आन् कावून म्हणून इचारायचं न्हाई!"

पुण्याहून बी. ए. होऊन परत आले, त्या दिवशी पायांवर पाणी घेण्याआधीच तात्यांनी मला हा नियम पुन्हा ऐकवला. तात्या म्हणजे माझे थोरले चुलते. त्यांच्याच घरी मी लहानाची मोठी झाले, त्यामुळे नियम तोंडपाठ होता. निजाम सरकारच्या दप्तरात आमच्या गावाचं नाव मोमिनाबाद. भाजीवालीच्या, गुराख्याच्या, देवीच्या पुजाऱ्याच्या तोंडी आंबेजोगाई. माणूस पाहून नाव घ्यायचं, यालाच आमची मोठी माणसं शहाणपण म्हणतात.

मी गावच्या कन्याशाळेत शिकवते. शाळेची कमिटी म्हणजे तात्या, बापूराव वकील आणि मुलींना उर्दू शिकवणारे करीमचाचा. या तिघांत वावरलं की किस्से गोळा करायला कुठं जावं लागत नाही, ते आपोआप साचतात. पुण्याच्या मैत्रिणी भेटल्या की पहिली फर्माईश हीच, "तुझ्या दोन नावांच्या गावाचं सांग ना गं!" मी सांगते. त्या हसतात. मीही हसते, पण सगळ्याच किश्श्यांना नाही.

* * *

सुरुवात माझ्या ट्रंकेपासून.

कॉलेज संपलं तेव्हा पुण्याच्या रंगाऱ्याकडून मी ट्रंकेवर मोठ्या हौसेनं नाव घालून घेतलं होतं. खाली गाव, आंबेजोगाई. लातूरपर्यंत रेल्वेनं ट्रंक सुखरूप आली. तिथल्या मोटार अड्ड्यावरच्या कारकुनानं मात्र ती अडवून ठेवली.

"बाई, या नावाचं गाव न्हाई."

"अहो, मी तिथलीच आहे!"

"असाल. पर सरकारात असं गाव न्हाई."

मी देवीचं देऊळ सांगितलं, नदी सांगितली, गावाबाहेरची छावणी सांगितली. तो शांतपणे मान हलवत होता. शेवटी वैतागून मी म्हणाले, "तुम्ही कधी आला तरी आहात का आमच्या गावाला?"

"म्हंजी काय! माझी सासुरवाडीच हाय की ती!"

* * *

बापूराव वकिलांच्या मुलीच्या लग्नाची गंमत याहून मोठी.

मांडवात पोलीस खात्याचे अमीनसाहेब आले आणि अगदी पुढं, भटजींच्या समोरच बसले. माणूस सज्जन, हौसेनं आला होता. पण भटजींना घाम फुटला. संकल्पात गावाचं नाव उच्चारावं लागतं. "गोदावर्याः दक्षिणे तीरे" इथपर्यंत भटजी आले, अमीनसाहेबांच्या टोपीकडं त्यांची नजर गेली, आणि खणखणीत आवाजात त्यांनी म्हटलं, "मोमिनाबादनगरे!"

वकिलांची थोरली बहीण, आक्का, बायकांच्या घोळक्यातूनच ओरडली, "अवो भटजी, देवाला कचेरीचा पत्ता कशाला सांगता? देव यायचा कसा मग?"

सगळ्यात मोठ्यानं अमीनसाहेबच हसले! पण आक्का हटून बसली. अमीनसाहेब पानसुपारी घेऊन गेले, आणि मागाहून संकल्प पुन्हा पहिल्यापासून झाला.

बापूराव अजून सांगत असतात, "माझ्या लेकीचं लगीन दोन गावांत लागलं. जावई मात्र एकच मिळाला!"

* * *

आता पाटी.

शाळेला सरकारची मंजुरी लागते, आणि मंजुरीत गावाचं नाव मोमिनाबाद. पाटीवर तेच हवं. पण ती पाटी पाहून खेड्यापाड्यांतले पालक बिचकत. "सरकारी शाळा दिसती," म्हणून पोरीचा हात धरून परत जात. कमिटीची बैठक बसली, पुष्कळ चहा झाला, आणि या शहाण्या माणसांनी तोड काढली. पाटी एकच, बाजू दोन! एका बाजूला मराठीत "कन्याशाळा, आंबेजोगाई", दुसऱ्या बाजूला उर्दूत "मोमिनाबाद". वर दोन कड्या, पाटी लोंबकळती. एरवी मराठी बाजू पुढं. मोटारीचा हॉर्न ऐकू आला की समजायचं साहेब आला, आणि पाटी उलटायची.

उलटायचं काम तात्यांनी स्वतःकडं घेतलं. आमचं घर शाळेसमोरच. तात्या ओट्यावर बसलेले, हातात वाकड्या मुठीची काठी. हॉर्न वाजला की लगबगीनं रस्ता ओलांडायचे, काठीची मूठ पाटीत अडकवायची आणि टपकन उलटी!

एकदा त्यांचे जावई पहिल्यांदाच भाड्याची मोटार करून आले. त्यांना खूण सांगितली होती, "मराठी शाळेची पाटी दिसली की समोरचंच घर." जावयांनी वळणावर हॉर्न दिला. तात्या उठले, पाटी उलटली आणि अदबीनं शाळेच्या पडवीत जाऊन उभे राहिले. जावयांना उर्दू पाटी दिसली. ही शाळा नव्हे म्हणून ते पुढं गेले. तात्यांनी पाटी सुलटी केली. जावई गावाला वळसा घालून परत आले, हॉर्न दिला. तात्यांनी पाटी उलटली! असं किती वेळ चाललं देव जाणे. शेवटी मोटारीतलं तेल संपलं ते नेमकं आमच्या दारात.

जावई घामाघूम होऊन उतरले. "मामा, या गावात शाळा आहे तरी का?"

तात्या म्हणाले, "हाय की! पर साहेब येऊन ऱ्हायलाय ना मघापासून सारखा!"

* * *

पुढच्या किश्श्याला बापूराव वकील हसतात. मी हसत नाही.

धारूरचं कागदोपत्री नाव फतेहाबाद. तिथला मारुती नावाचा शेतकरी विहिरीच्या दाव्यासाठी कचेरीत आला आणि सकाळपासून लिंबाखाली बसून राहिला. चपराशानं हाक दिली, "मारुती, मौजे फतेहाबाद, हाजिर हो!" तालुक्यात मारुती काय थोडे आहेत? कुणी फतेहाबादचा असेल, म्हणून हा बसूनच राहिला. हजर नाही म्हणून निकाल विरुद्ध गेला. सायंकाळी त्यानं चपराशाला विचारलं, "धारूरची हाक कधी व्हणार वो?"

इथं बापूराव मांडीवर थाप मारतात.

मी विचारलं, "काका, तुम्ही कुठं होतात?"

"तिथंच की. दुसऱ्या दाव्यासाठी आलतो."

"त्याला ओळखत होतात?"

"न वळखायला काय झालं?"

"मग 'अरे धारूरच्या मारुती, ऊठ' एवढं का नाही म्हणालात?"

बापूरावांनी आवाज खाली आणला. "कचेरीच्या आवारात? धारूर म्हनू?"

त्या माणसाची विहीर गेली. बापूरावांचा नियम शाबूत राहिला.

* * *

त्या दिवशी मी रागानं धुमसत शाळेत आले. करीमचाचा मुलींच्या पाट्या तपासत होते. चाचांना मोमिनाबादच आवडत असणार, असं मी आपलं धरून चालले होते. शिकलेल्या माणसाला असा गर्व असतो. तावातावानं मी विचारलं, "चाचा, खरं सांगा, तुम्ही कुठं राहता?"

चाचांनी चष्मा वर केला. "बेटी, मोमिनाबाद तो कचेरी में रहता. हम तो आंबेजोगाई में रहते!"

"मग आजवर बोलला का नाहीत?"

"किसीने पूछाच नहीं. तुमचे तात्या आमाला बघून मोमिनाबाद म्हणतात, आमी तात्याला बघून. घर गये की दोनों आंबेजोगाई!"

* * *

आणि मग जिल्ह्याच्या भीडहून नव्हे, थेट औरंगाबादेहून शाळा तपासणारे साहेब आले.

हॉर्न वाजला. तात्यांनी पाटी उलटली. मुलींना कमिटीनं आधीच पढवून ठेवलं होतं. साहेबांनी कविता ऐकल्या, गणितं पाहिली, खूश झाले. जाता जाता पहिल्या रांगेतल्या गोदीला सहज विचारलं, "बेटी, तुमच्या गावाचं नाव काय?"

गोदी धारूरच्या त्या मारुतीची मुलगी. शाळेसाठी इथं मावशीकडं राहते. ती उभी राहिली, हात बांधले आणि नम्रपणे म्हणाली, "सायेब, घरातलं सांगू का सरकारातलं?"

साहेब हसले नाहीत. बाहेर आले, पाटी आपल्या हातानं उचलली, मागची बाजू पाहिली आणि तात्यांच्या काठीकडंही पाहिलं.

"पुढच्या सोमवारी मी परत येईन. पाटीला एकच बाजू पाहिजे. नाव एकच पाहिजे. दोन दिसली, तर मंजुरी गेली समजा."

एकच म्हणजे कोणतं, ते त्यांनी सांगितलं नाही. कमिटीनं विचारलंही नाही. घरी येऊन तात्यांनी गोदीचं नाव शाळेतून काढायला सांगितलं. मी म्हणाले, "तिनं तुमचाच नियम पाळला," आणि नाव काढलं नाही.

* * *

सोमवारी सकाळी कमिटी शाळेत जमली तेव्हा नवी पाटी लागलेली होती. कड्या काढून टाकल्या होत्या. चारी कोपऱ्यांत लांब खिळे, थेट भिंतीत. वर मराठीत "कन्याशाळा, आंबेजोगाई", आणि खाली उर्दू अक्षरांत तेच, "कन्याशाळा, आंबेजोगाई". करीमचाचांच्या बोटांना अजून पांढरा रंग होता.

तात्यांनी बापूरावांकडून खालची ओळ वाचून घेतली आणि सतरंजीवर बसकण मारली. "वच्छे, काढ ती पाटी. शाळा बंद पडंल. पोरी घरी बसतील, ते चालंल तुला?"

"नाही चालणार. मंजुरी गेली तर गोदीच्या मावशीच्या ओसरीवर शिकवीन. तिथंही गाव हेच असेल."

"आन् साहेबाला काय सांगायचं?"

"तुम्ही काहीच सांगू नका. ते मला विचारतील. मी एकदाच सांगेन."

बापूराव घसा खाकरून म्हणाले, "पोरी, आमच्या बापांनी ह्यो नियम पाळला, आमी पाळला."

"मी पाळणार नाही."

खुंटीवरची पक्कड काढून मी सतरंजीच्या मधोमध ठेवली. "हे गाव ज्याला आपलं वाटत नाही, त्यानं पहिला खिळा उपटावा."

बापूरावांनी तात्यांकडं पाहिलं. तात्यांनी पकडीकडं. करीमचाचा खिडकीबाहेर बघत होते.

वळणावर हॉर्न वाजला.

तात्यांची काठी भिंतीला टेकलेली होती. कुणी उठलं नाही. पक्कड सतरंजीवर तशीच पडून होती.