बाबांच्या व्हॅनचे चार दिवे

रोज पहाटे तुळशीला पाणी घालून मी फाटकाशी उभी राहते. साडेपाचच्या सुमाराला अल्लीपूरकडून माझ्या बाबांची पांढरी व्हॅन येते. मागची सीट काढून तिथे वांग्यांची पोती आणि मेथीच्या जुड्या भरलेल्या असतात. वर्ध्याच्या भाजीबाजारातला हर्रास, म्हणजे सकाळचा लिलाव, कोणासाठी थांबत नाही, म्हणून बाबाही थांबत नाहीत. माझ्या घरासमोर आले की फक्त गाडीचे चारही दिवे लुकलुकवतात. ते दिसले की मी आत येऊन देवापुढे निरांजन लावते.

बाबांचं नाव रूपराव. बावन्नाव्या वर्षी ते गाडी शिकले. त्याआधी पोती एसटीच्या टपावर टाकून यायचे. पहिल्या दिवशी त्यांनी स्टिअरिंगला हळदकुंकू वाहिलं आणि ब्रेक दाबताना बैलाला म्हणतात तसं "हो, हो" म्हणाले. आई अजून हे सांगून त्यांना चिडवते.

येतात, दिसतात, जातात. पण जेवत नाहीत. लेकीला मूल होईपर्यंत बापाने तिच्या घरचं अन्न घ्यायचं नाही, अशी आमच्याकडची रीत आहे. माझ्या लग्नाला एकोणीस वर्षं झाली आणि आम्हाला मूल नाही. एकदा मी रडून विचारलं, तेव्हा ते एवढंच म्हणाले, "मी जेवलो म्हंजे तुया लेकराची आस मीच सोडली, असं होते बाई." त्यानंतर केळझरच्या गणपतीपुढे मी मूल मागणं सोडलं. बाबांनी एकदा माझ्या हातचं जेवावं, एवढंच मागत आले.

दिवाळीनंतर ते दिवे बंद पडले. दोन महिने व्हॅन अंधारातूनच निघून जायची. बाबा हात हलवत असतील, पण दिसायचा नाही.

परवा मंगळवारी, बाजार आटोपून नऊच्या सुमाराला, व्हॅन आमच्या घरापासून चौथ्या दुकानाशी उभी दिसली. ते महादेवरावांचं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान. मी पदर सावरत गेले.

"इकडे कसे बाबा?"

"तुया भाऊ रोशन म्हणते, साईड दाखवता येत नाई त गाडी काढू नोका. उद्यापासून चाबी त्याच्या खिशात."

महादेवरावांनी स्टिअरिंगखालचं कव्हर उघडलं. "काका, चार दिव्याचं बटन आतून जळलं. या जुन्या गाडीत साईडच्या लाइटीचा करंट बी याच्यातूनच जाते. म्हणून सारंच गेलं. काड्या खुपसून पाह्यल्या काय?"

"दोनदाच."

"मंग काडेपेटी सरली असंन."

नवीन बटण वर्ध्यात मिळालं नाही. नागपूरहून दुपारच्या बसने यायचं होतं. म्हणजे बाबा चार वाजेपर्यंत इथेच. त्यांनी सकाळीच शुगरची गोळी घेतलेली, आणि दहापर्यंत घरी जायचं म्हणून आईने शिदोरी दिली नव्हती.

"बाबा, घरी चला. वांगी तुमच्याच वावरातली हायेत. तुमचीच भाजी झाली ना ते."

"अन् मीठ कोनाचं?" ते हसले. पण उठले नाहीत.

मी घरी येऊन तरी भाकरी थापल्या, वांग्याची रस्सा भाजी केली. डोळे सारखे भरून येत होते. महादेवराव आमच्या नळावर हात धुवायला आले, तेव्हा डबा त्यांच्यापुढे ठेवला.

"भाऊ, हा तुमच्या घरचा म्हणून न्या. दोघं मिळून जेवा."

त्यांनी डब्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "बायको माहेरी गेली हाय, वहिनी. पन काकाले कुठं मालूम."

त्यांना खोटं बोलायला लावलं म्हणून मी देवाची क्षमा मागितली आणि पोथी उघडून बसले. एकच ओवी तीनदा वाचली.

चारनंतर हॉर्न वाजला. बाहेर येईपर्यंत व्हॅन चौकाशी पोचली होती. भर उन्हात चारही दिवे लुकलुकत होते.

महादेवराव डबा घेऊन आले. रिकामा होता.

"खाल्लं?"

"दोन भाकरी. रस्सा पार पुसून काढला. गाडीत बसल्यावर म्हणे, जिनं डबा केला तिले सांगजा, मीठ कमी पडलं. तिची माय बी असंच कमी टाकते."

ते गेल्यावर मी डब्याच्या तळाला बोट लावून चाखलं. मीठ खरंच कमी होतं.

यांना संध्याकाळी सगळं सांगितलं. हे म्हणाले, "मग आता घरीच बोलव." मी मानेनेच नको म्हटलं. बोलावलं तर बाबांना नाही म्हणावं लागेल.

काल आणि आज पहाटे व्हॅन वेळेवर आली. दिवे लागले, वळणाशी विझले. नवीन बटण चांगलं आहे, पाच-सात वर्षं बघायला नको, असं महादेवरावांनी सांगितलंय. बाबांना सत्तरावं लागलं आहे.

निरांजन लावून हात जोडले. बाबांची गाडी सुखरूप ठेव, असं रोज म्हणते, तेच म्हटलं. पुढचं जे मनात आलं, ते देवापुढे बोलवलं नाही. इथे वहीत लिहिते. त्यांची गाडी आणखी एकदा, इथेच, दुपारपर्यंत अडकू दे. मीठ बरोबर टाकीन.