घटकांच्या पानावरची ओळ

दुकानात गेली की ती कुठलीही वस्तू आधी उलटी करायची. साबण असो, बिस्किटं असोत, नाहीतर मुंग्यांची पावडर, मागचं बारीक अक्षर वाचून झाल्याशिवाय वस्तू टोपलीत जायची नाही. मागे रांगेत उभे असलेले लोक कंटाळून सुस्कारे सोडत. सोडू देत बापडे. औषधांच्या कारखान्यात तिने एकतीस वर्षं डब्यातली माहितीपत्रकं लिहिली होती, ते घडीचे कागद, जे लोक उघडतात आणि न वाचता परत कोंबतात. औषधात काय आहे, कुणी घेऊ नये, घेतल्यावर काय होऊ शकतं, हे सगळं त्यात लिहायचं. एकदा कागद लहान केला म्हणून खोकल्याच्या औषधाच्या पत्रकातली एक ओळ गाळली गेली. साहेबांनी सांगितलं आणि तिने सही केली. चार महिन्यांनी एका आईचं पत्र आलं. त्या पत्रात काय होतं ते तिने घरी कधीच सांगितलं नाही, पण त्या दिवसापासून कुणी ‘एवढी एक ओळ काढू या की’ म्हणालं की तिचं डोकं फिरायचं.

निवृत्त झाल्यावर ती थोरल्या भावाकडे राहायला आली. दादा घड्याळं दुरुस्त करायचा. चिमट्याने केसाएवढे भाग उचलणाऱ्या माणसाचे डोळे आधी अंधूक झाले, मग पार गेले. उजवा कानही पुढे मंदावला. दोन खोल्यांचं घर, खिडकीपाशी त्याचं जुनं कामाचं टेबल, आणि भिंगांच्या जागी आता एक कॉम्प्युटर. त्यावर पडद्यावरचं सगळं मोठ्याने वाचून दाखवणारा एक प्रोग्राम होता. तो कुणा कंपनीचा नव्हता. ठिकठिकाणच्या वीस-पंचवीस जणांनी फावल्या वेळात मिळून लिहिलेला, कुणीही फुकट घ्यावा, हवं तर आत डोकवावं, असा. पण त्याची मार्गदर्शिका इतकी भिकार होती की ती ऐकून दादाला काही कळेना आणि बहिणीला स्वस्थ बसवेना. तिने ती नव्याने लिहायला घेतली. प्रत्येक पानाखाली चार-चार तळटिपा पाहून त्या मंडळींनी तिचं नाव ‘तळटीपताई’ ठेवलं. सगळं काम हाकणाऱ्या माणसाला ते ‘मुकादम’ म्हणत. यातल्या एकाचंही तोंड तिने पाहिलं नव्हतं.

घरची पद्धत ठरलेली होती. ती पान लिहायची, प्रोग्राम ते वाचायचा आणि दादा डावा कान पुढे करून ऐकायचा. “तिसऱ्या ओळीत अडखळतंय,” तो म्हणायचा, आणि ती ओळ सुधारली जायची.

असा प्रोग्राम कुणी मुळापासून लिहीत नाही. त्यात इतरांनी केलेले तयार घटक घातलेले असतात. त्या घटकांचं एक पान तिने सुरू केलं होतं, अर्थातच. नव्या आवृत्तीत आवाजाचा घटक बदलला. आधीचा आवाज म्हणजे पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखा. नवा मात्र माणसासारखा बोलायचा. दादा तर त्याच्यावर लट्टू झाला. पूर्वी अर्धं वर्तमानपत्र सोडून द्यायचा, तो आता शेवटच्या पानापर्यंत ऐकायला लागला.

“लांब वाक्य आलं की आधी श्वास घेतो बघ,” तो एकदा म्हणाला. “पुढे किती आहे ते त्याला ठाऊक असतं.”

त्याच आठवड्यात तिने सवयीने त्या घटकाचं मूळ शोधलं. तो एका कंपनीने केलेला होता. तुरुंगातले कैदी घरी फोन करतात, ती बोलणी ध्वनिमुद्रित होतात, आणि त्याच बोलण्यांतून हा आवाज घडवला होता, त्यांच्यातल्या एकालाही न विचारता. कंपनीने ते नाकारलं नव्हतं. फोन ध्वनिमुद्रित होतात हे कैद्यांना माहीत असतं, एवढंच कंपनीचं म्हणणं होतं.

तिने घटकांच्या पानावर एक ओळ लिहिली: ‘हा आवाज कैद्यांच्या घरच्यांशी झालेल्या फोनवरच्या बोलण्यातून, त्यांच्या संमतीशिवाय तयार केलेला आहे.’ दुसऱ्या दिवशी ओळ गायब. तिने परत घातली. परत गायब. मग सगळ्यांना दिसेल अशा चर्चेच्या पानावर भांडण सुरू झालं.

“मार्गदर्शिका वापर कसा करायचा ते सांगायला असते, तुमची मतं मांडायला नाही,” एकाने लिहिलं. तिने लिहिलं, “हे मत नाही, हा घटक आहे.” दुसरा म्हणाला, ओळ राहिली तर शाळा आणि वाचनालयं प्रोग्राम काढून टाकतील. तिसऱ्याने आवाजच फेकून द्या म्हणून तोंडसुख घेतलं आणि नवा आवाज कोण करणार असं विचारल्यावर तोंडात गुळणी धरली. मुकादम बिचारा दोन्हीकडून बोलणी खात होता. “ताई, मला झोप नाही,” एवढंच त्याने तिला वेगळं कळवलं.

आणि आता खरी गोष्ट सांगायची तर, जगाला कळलंच पाहिजे म्हणून पंधरा दिवस हिरिरीने भांडणाऱ्या या बाईने घरात ताकास तूर लागू दिली नव्हती. घटकांचं पान तेवढं तिने दादाला ऐकवलंच नाही. रोज सकाळी ठरवायची, आज सांगू. मग तो मान तिरकी करून ऐकत बसलेला दिसायचा आणि तिची जीभ रेटायची नाही. तिला स्वतःचीच लाज वाटायची, आणि ती लाज मग चर्चेच्या पानावर रागाने उतरायची.

शेवटी ‘ऐकणारा’ या नावाने कुणीतरी लिहिलं: ‘मला अजिबात दिसत नाही. जुना आवाज मला समजत नाही. हा कुठून आला ते तुम्ही पानावर लिहाल, तर ते पान मला हाच आवाज वाचून दाखवणार. मग मी काय करू? ओळ काढा.’

तिने तिथल्या तिथे उत्तर दिलं: ‘आपली अडचण समजते. पण आपल्यापासून हे लपवणं हा आपला अपमान आहे.’

मुकादमाला मात्र आयता आधार सापडला. ज्यांच्यासाठी हे सगळं, त्यांचंच म्हणणं हे असेल तर वाद संपला, असं लिहून त्याने ओळ काढली आणि चर्चेला कुलूप लावलं. आता तिथे कुणालाच काही लिहिता येणार नव्हतं. तिने दोनदा प्रयत्न करून पाहिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी दादाने हाक मारली. “अगं, हे कुठेतरी अडकलंय, बोलतच नाही. बघ जरा.”

तिने टेबलापाशी जाऊन एक बटण दाबलं. आवाज बोलू लागला: “ही चर्चा बंद करण्यात आली आहे. आपण लिहिलेली टिप्पणी.” मग श्वास घेतल्याचा आवाज आला. “मला अजिबात दिसत नाही. जुना आवाज मला समजत नाही...”

टिप्पणी संपेपर्यंत तिने बटण सोडलं नाही. दादाची मान खाली गेली होती.

“तुला कधी कळलं?” तिने विचारलं.

“पहिल्याच दिवशी. तू लिहितेस ते सगळं मी ऐकतो. हाच वाचतो.” तो टेबलाच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिला. “मला वाटलं, सांगशील.”

“मला वाटलं, तू बंद करशील. मग दिवसभर काय केलं असतंस?”

“तू बाजारात गेलीस तेव्हा जुना लावून पाहिला. दोन दिवस लावला. कान आता पूर्वीसारखे नाहीत, एक शब्द धड कळला नाही. बंद नसता केला गं मी. सांगितलं असतंस तरी नसता केला. तेच तुला कळायला नको होतं.”

तिला त्याचा राग यायला हवा होता. तिने तो शोधलाही. पण आठवलं ते त्या आईचं पत्र. इतक्या वर्षांत ते कुणाला तरी सांगून मोकळं व्हावं असं वाटलं होतं, आणि ज्याला सांगायचं तोच समोर खाली मान घालून बसला होता. ती स्टुलावर बसली. बाहेर कुणीतरी लोखंडी शटर ओढलं.

“नवीन आवृत्ती आज जाणार ना?” दादा म्हणाला. “पान ऐकव. ते एक राहिलंय.”

नको म्हणायचं तिच्या मनात आलं. पण नको म्हणून करायचं काय, हेही तिला सुचेना. तिने घटकांचं पान उघडलं आणि बटण दाबलं. दादाने सवयीने डावा कान पुढे केला. एकेक घटक, तो कुणी केला, कशाकरता, असं आवाज वाचत गेला. आपल्या स्वतःच्या नावापाशी आला, ते वाचलं आणि सरळ पुढच्या घटकाकडे गेला. शेवटी त्याने एक श्वास घेतला आणि म्हणाला, “या पानाचं लेखन, तळटीपताई.”

“कुठेच अडखळलं नाही,” दादा म्हणाला.