माहेरच्या देवीकडे ठाण्याचं मागणं

गेल्या रविवारची मॅच संपली तेव्हा आमचा क्लब हरलेला होता आणि माझा आवाज गेलेला होता. हरण्याची आम्हाला थोडीफार सवय आहे, पण सकाळी उठून ह्यांना चहाला हाक मारायला गेले तर घशातून नुसती हवा आली, तेव्हा मात्र मी घाबरले. डॉक्टरांनी तपासलं आणि म्हणाले, "स्वरयंत्राला सूज आहे. आठवडाभर एक शब्दही बोलायचा नाही. कुजबुजसुद्धा नाही." ह्यांनी डॉक्टरांचे दोनदा आभार मानले. घरी येताना रिक्षात गालातल्या गालात हसत होते.

ठाण्यात खोपटला आमची इमारत मैदानाला अगदी लागून आहे. लग्न होऊन आले तेव्हा स्वयंपाकघराच्या खिडकीतून पोरांचा फुटबॉल दिसायचा. कपडे वाळत घालता घालता मला तो खेळ कधी कळायला लागला ते माझं मलाच समजलं नाही. ऑफसाइड म्हणजे काय हे मला ह्यांच्या आधी समजलं. आता घरच्या प्रत्येक मॅचला मी रेषेच्या कडेला प्लास्टिकची खुर्ची टाकून बसते. बसते कसली, उभीच असते. क्लबची पोरं मला मावशी म्हणतात, आणि मावशीचा आवाज एसटी डेपोपर्यंत जातो असं सगळीकडे सांगत असतात.

तर असा हा माझा आवाज नेमका या आठवड्यात गेला. लीगमधली आमची घरच्या मैदानावरची शेवटची मॅच उद्या आहे, आणि समोर आहे कल्याणचा संघ. या मोसमात त्यांना अजून कोणी हरवलेलं नाही. आम्ही उद्या हरलो तर खालच्या गटात जाऊ, आणि मग चांगली पोरं दुसरे क्लब शोधतील. आमचा कॅप्टन निलेश सोमवारी संध्याकाळी मला बघायला आला. मी हातवारे करून सांगितलं तसा त्याचा चेहरा पडला. "मावशी, तुमचा आवाज नसेल तर आपली पोरं अर्धी तिथेच हरली," असं म्हणून तो गेला.

त्या संध्याकाळी देवापुढे दिवा लावताना मन फार खट्टू झालं. आरतीसुद्धा मनातल्या मनात म्हणायची. इतकी वर्षं न चुकता पूजा करते, आणि देवीला माझा एक घसा सांभाळता आला नाही? ती खरंच ऐकते, की मी आपली एकटीच बोलत असते? असा विचार माझ्या मनात आला, हे मी लपवणार नाही. मग मीच घाबरले आणि ठरवलं, उद्या मंगळवार आहे, कडक उपवास करायचा आणि माहेरच्या देवीला जाऊन यायचं. लहानपणापासून मी काहीही मागितलं ते तिच्याकडेच.

माझं माहेर कल्याणचं. मी मोबाइलवर लिहून ह्यांना दाखवलं, तर हे हसायलाच लागले. "अगं, कल्याणच्या देवीकडे जाऊन कल्याणला हरवायचं मागणार? तिनं कोणाचं ऐकायचं?" मला चांगलं खणखणीत उत्तर सुचलं होतं, पण देता येईना.

सकाळी नेहमीची साखरेची गोळी घेतली, वर फक्त पाणी प्यायले आणि एसटीने कल्याणला गेले. हा वेडेपणाच होता. मधुमेहाची गोळी घेऊन उपाशी राहायचं नसतं हे मला पक्कं माहीत आहे. पण त्या दिवशी डोक्यात नवस होता, बाकी काही नव्हतं.

मंगळवार असल्यामुळे देवळात बायकांची बरीच गर्दी होती. मी गाभाऱ्यासमोर हात जोडले आणि मनात म्हटलं, आई, येत्या रविवारी आम्हाला जिंकव. निदान बरोबरी तरी. एवढ्यात शेजारी एक बाई येऊन उभी राहिली. माझ्याच वयाची, नऊवारी नेसलेली, केसांत अबोलीचा गजरा. तिनं डोळे मिटले आणि अगदी मोठ्यानं देवीशी बोलायला सुरुवात केली. आगरी वळणाची भाषा, आणि देवी म्हणजे जणू समोरच्या ओटीवर बसलेली मोठी बहीण.

"आई, रविवारी माझ्या पोऱ्याची ठाण्याला म्याच हाय. तो गोलकीपर हाय, तुला ठावं हाय. बॉल त्याच्या हातात येवदे. कोनाचा हातपाय मोडू नको देऊस, त्यांच्या पोरांचा पन नको. आनि आई, तिथं एक बाई हाय म्हनं, ती लय वरडते. पोऱ्या सांगतो, तिच्या वरडन्यानं ध्यान जातं. तिचा आवाज तेवढा बंद ठेव."

मी डोळे उघडून तिच्याकडे बघतच राहिले. रागावावं की हसावं ते कळेना. तिनं मागायच्या आधीच देवीनं देऊन टाकलं होतं! आयुष्यात पहिल्यांदा मला कोणाशी तरी भांडायचं होतं आणि तोंडातून शब्द काढायची सोय नव्हती. मी तरातरा बाहेर आले.

पायऱ्या उतरताना हात थरथरायला लागले. अंगाला दरदरून घाम फुटला, समोरची माणसं धूसर झाली. साखर उतरतेय हे समजत होतं, पण पर्समधली ग्लुकोजची गोळी काढायला बोटं वळेनात. मी कशीबशी पायरीवर बसले. कोणीतरी विचारलं, "काकू, काय होतंय?" आता ओरडायला हवं होतं, डॉक्टर गेले खड्ड्यात, पण खरोखरच घशातून काही निघेना. माणसं घुटमळत होती, पुढे जात होती. मनात फक्त एकच शब्द उरला होता. आई.

"काय झाला गो बाय?" तीच बाई. अबोलीचा गजरा माझ्या तोंडाशी आला. तिनं माझ्या कपाळाला हात लावला, थंडगार घाम बघितला आणि मागच्यांना ओरडून म्हणाली, "सरा बाजूला! हिची साखर उतरलीय. माझ्या सासूचा अस्संच व्हायचा." तिच्या हातात नुकताच मिळालेला प्रसाद होता, पेढे आणि खडीसाखर. तिनं पेढा कुस्करून माझ्या तोंडात घातला. "गिळ. हां, आता आजून एक. उपास बिपास काय नाय, आईचाच परसाद हाय."

मला पाठीशी धरून ती तिथेच पायरीवर बसली. कोणाकडून तरी शहाळं मागवलं. हळूहळू माणसं पुन्हा नीट दिसायला लागली. मी मोबाइलमध्ये ह्यांचा नंबर काढून तिच्या हातात दिला. तिनं फोन लावला आणि स्पीकर सुरू केला.

"अहो, तुमच्या घरच्या बायला चक्कर आल्ती. आता बरी हाय. पन ती बोलत नाय, मुकी हाय का?"

हे आधी घाबरले, मग धीर आल्यावर म्हणाले, "मुकी? नाही हो. डॉक्टरांनी बोलायला बंदी केलीय. मॅचमध्ये ओरडून ओरडून आवाज गेलाय तिचा."

"कुठल्या म्याचमध्ये?"

"फुटबॉलच्या. इथे ठाण्याला, खोपटच्या मैदानावर."

तिनं फोन हळूच खाली घेतला आणि माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावली. तिनं जीभ चावली, दोन्ही कान धरले आणि मग आम्ही दोघी त्या पायरीवर इतक्या हसलो, म्हणजे ती मोठ्यानं आणि मी आवाज न करता, की माझ्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. त्यातलं सगळं हसण्याचं नव्हतं.

हे घ्यायला येईपर्यंत भारतीताई, हे तिचं नाव, माझ्यापाशी बसून होत्या. मध्येच उठून आत जाऊन आल्या. "सांगून आले आईला," त्या म्हणाल्या. "म्हटला, ती बाय चांगली हाय. दे तिचा आवाज परत. माझ्या पोऱ्याचा तो बघंल काय ते."

मी त्यानंतर खूप विचार केला. मी देवीकडे गोल मागायला गेले होते. तिनं मला ज्या हातांत दिलं ते हात समोरच्या संघाच्या गोलकीपरच्या आईचे होते. हे कसं जुळून आलं ते मी कोणाला समजावून सांगणार नाही, मला ते येतही नाही. एवढंच कळतं की काय हवं हे मी ठरवून गेले होते, आणि मला जे खरोखर हवं होतं ते मी मागितलेलंच नव्हतं.

आज सकाळी डॉक्टरांनी सांगितलं, हळू बोललात तरी चालेल, ओरडायचं मात्र अजून महिनाभर नाही. घरी येऊन पहिला फोन भारतीताईंना केला. त्या उद्या मॅचला येणार आहेत, तर म्हटलं दुपारी जेवायलाच या. त्या कोलंबीचं कालवण आणणार आहेत, मी पुरणपोळ्या करतेय. त्यांच्या मुलाला मात्र मॅचनंतरच वाढायचं ठरलंय, नाहीतर आमचे लोक म्हणतील मावशीनं जड जेवण घालून त्याला सुस्त केलं.

आता संध्याकाळ झालीय. खाली पोरं मैदानावर चुन्याच्या रेषा मारतायत आणि निलेश कोणावर तरी खेकसतोय. मी दहा वेळा खिडकीत जाऊन आले. मी दिवा लावला, इतक्या दिवसांनी आरती म्हटली, अगदी हळू. मग हात जोडून उभी राहिले तर मागायला काही सापडेना.

हे मागून म्हणाले, "झालं का मागून? बरोबरी तरी मागितलीस ना?"

"नाही."

"अगं, खालच्या गटात जाऊ आपण!"

मला हसू आलं. मी पुन्हा देवीकडे वळले आणि म्हटलं, आई, उद्या तूही ये मॅचला. कोणाच्या बाजूला बसायचं ते तुझं तू बघ.