कानबाईचा रोट आणि वरची खोली

माझी सासू लग्न होऊन सुरतेला आली तेव्हा तिच्या पेटीत दोन लुगडी आणि कानबाईचं नारळ होतं, असं ती सांगते. आमच्या खानदेशी लोकांचं गाव सुटलं, शेत सुटलं, बोली पोरांच्या तोंडून निम्मी गेली, पण कानबाई काही सुटली नाही. माझी देवीबद्दल काही तक्रार नाही. तक्रार आहे ती माणसांबद्दल, आणि ती मी इतकी वर्षं गिळून बसले आहे.

आषाढात आमच्या वरच्या खोलीत एक मुलगी राहायला आली. आफ्रिकेतल्या मलावी देशाची, इथल्या कॉलेजात शिकायला आलेली. दलाल तिला घेऊन आला तेव्हा तिला पुढं करायच्या आधी मला बाजूला घेऊन पुटपुटला, "बेन, फॉरेननी छोकरी छे, कोई रूम नथी आपतुं." कोण देणार? एका घरी म्हणे तिला आत बसवलं, पाणी दिलं, आणि ती उठल्यावर तो ग्लास बाहेरच्या नळाखाली नेऊन ठेवला. जिना उतरताना तिनं ते पाहिलं होतं. हे तिनं मला हसत सांगितलं. मला मेलं हसू येईना.

कॉलेजचं होस्टेल भरलेलं होतं. घरमालकानं पोलिसांत तिची नोंद केल्याशिवाय तिला इथं राहता येत नव्हतं. म्हणजे खोली गेली की शिक्षणही गेलं, एवढं सरळ होतं ते. माझ्या नवऱ्यानं सही केली. कडोदऱ्याच्या कापडाच्या लूमवरून थकून आलेला माणूस, त्यानं फार विचारच केला नाही.

गल्लीतली पोरं तिच्या मागं ओरडत जायची. बाया खिडकीतून बघायच्या, आणि बघायच्या म्हणजे अगदी डोळे फाडून. ती दार लावून जेवायची, पाव आणि केळी. शेवटी सासूच वर गेली आणि तिला हाताला धरून खाली घेऊन आली. "पोर कोनी बी ऱ्हावो, भुकी नको ऱ्हावो," असं मला म्हणाली, आणि तिला आपल्या मोडक्या हिंदीत बजावलं, "भूक लगी तो पूछनेका नहीं, लेनेका. तेरा ही घर है." मग ती माझ्याजवळ बसून साड्यांना स्टोन चिकटवायला शिकली. मला वहिनी म्हणायला लागली. तिच्या चेहऱ्यावरचा ताण जरा उतरला, आणि मला वाटलं, चला, लागली बाई एकदाची मार्गी.

श्रावणात कानबाई बसली. रविवारभर घरात पाय ठेवायला जागा नव्हती. तीही आली, बायांबरोबर फेर धरून नाचली, लाह्याफुटाण्यांचा प्रसाद तिनं दोन्ही हातांत घेतला. सोमवारी सकाळी आम्ही सगळे टेम्पोत बसून देवी नदीवर बोळवायला गेलो. ती कॉलेजला गेली होती. तास झाला नाही म्हणून लवकर परत आली. भूक लागली होती, खालच्या घराची चावी तिच्याकडे होती, आणि सासूनं सांगून ठेवलं होतं. टोपलीत रोट होते, त्यातला एक तिनं खाल्ला.

आता हे रोट म्हणजे साध्या पोळ्या नव्हेत. घरातल्या एकेका पुरुषाच्या नावानं मूठ मूठ गहू मोजून घ्यायचे, त्याच्याच पिठाचे रोट करायचे, आणि ते भाऊबंदांतच खायचे. शेजारीण कितीही जिवाभावाची असो, तिच्या हातावर तुकडा ठेवायचा नाही. हे आम्हाला कुणी शिकवलेलं नसतं, आईच्या दुधातून येतं. म्हणून तिला सांगायचं कुणाच्या डोक्यातही आलं नाही.

आम्ही दारात आलो तर ती हसतच समोर. "वहिनी, वो मीठा रोटी बहुत अच्छा था!"

"हाई काय कयं वं माय तू!" सासू मटकन खालीच बसली.

मागून चुलत सासरे आत आले. भाऊबंदांत तेच मोठे, आम्ही सुना त्यांना मामा म्हणतो. त्यांनी टोपलीत पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि म्हणाले, "रोट कुळाबाहेर गेला. आता ज्याच्या नावाचा होता त्याचं काही खरं नाही."

मी म्हटलं, "मामा, रोट घरच्यांनीच खायचा ना? मग तिनं खाल्ला म्हणजे ती घरची झाली. मिटलं!"

"घरची?" ते म्हणाले. "उद्या ही मेली तर सुतक धरशील का हिचं?"

"धरीन!" मी म्हटलं. नवऱ्यानं माझा दंड इतक्या जोरात दाबला की वळ उठला.

त्याच आठवड्यात माझा दीर तापानं फणफणला. झालं! मामांना तेवढंच हवं होतं, म्हणाले, रोट याच्याच नावाचा होता. अहो, गल्लीत घरोघरी डेंग्यू होता, मग त्या सगळ्या घरांतले रोट काय हिनंच खाल्ले होते? पण सलाईन लावलेल्या पोराच्या उशाशी बसलेल्या आईला हे कोण सांगणार? जी सासू तिला हाताला धरून खाली घेऊन आली होती, तिनंच तोंड फिरवून मला सांगितलं, "खोली रिकामी कराले सांग तिले."

दीर बरा झाला. तरी कुणी तिला थांब म्हटलं नाही.

जाताना ती सासूच्या पाया पडली, आमच्या बायकांना बघून शिकली होती. सासूनं पाय मागं घेतले नाहीत, पण डोक्यावर हातही ठेवला नाही. मला तिनं हिंदीतच विचारलं, "आमच्याकडे ज्यानं आपल्या भांड्यातलं खाल्लं त्याला घालवत नाहीत. इथं उलटं आहे का?" मी तिची बॅग उचलून रिक्षात ठेवली.

काही दिवस ती ओळखीच्या मुलींकडे राहिली. कुठलाही घरमालक सही करेना. मग एका दुपारी तिचा फोन आला, विमानतळावरून. मागं घोषणा चालू होत्या. आमच्यात राहून तिला थोडी मराठी यायला लागली होती. म्हणाली, "वहिनी, मी जाते."

आमच्यात घरातून निघताना 'जाते' म्हणत नाहीत, 'येते' म्हणतात. लेकरानं चुकून म्हटलं तरी आम्ही लगेच टोकतो. तोंडापर्यंत आलेलं मी मागं घेतलं. कुठं येणार होती ती?